डंकावरचा कापूस

लालबागच्या मिरची गल्लीत गुणवंतीबाईचा डंक होता. डंक म्हणजे मसाला कुटायचं यंत्र. आता हे सांगावं लागतं, मिक्सरवाल्या पिढीला काय ठाऊक! जमिनीत पुरलेली लोखंडी उखळं, त्यांच्यावर उभी लोखंडी मुसळं, आणि वर छताला आडवा फिरणारा शाफ्ट. मोटर सुरू झाली की पट्ट्यावर शाफ्ट फिरायचा, मुसळं एकेक करून उचलली जायची आणि धाडकन खाली यायची. मुसळ वर गेलं की खाली बसलेल्या बाईनं उखळात हात घालायचा, कडेला उडालेली मिरची मधे लोटायची, आणि मुसळ यायच्या आत हात बाहेर. हात आत, हात बाहेर. सकाळी बसलं की संध्याकाळपर्यंत हेच.

तुम्ही म्हणाल, अहो, मग लाकडी दांड्यानं लोटा की! लहूनंही तेच म्हटलं होतं. पण आमच्या गिरणगावातल्या बाया कुटायला मिरची दिली की घरी जात नसत. नाकाला पदर लावून, शिंकत, डोळे पुसत तिथंच उभ्या. दुसरीची मिरची आपल्यात मिसळली तर! आणि उखळात दांडा गेलेला दिसला की यांची तोंडं वाकडी. "हातानं हलव गो बाय, लाकडाचा वास लागता मसाल्याक." समोरच्या बाईच्या बोटांचा त्यांना काही घोर नव्हता. मसाला वर्षभर टिकला पाहिजे, एवढाच घोर. मला अजून राग येतो, खरंच सांगतो.

हा लहू म्हणजे परळच्या एका गिरणीतला जुना साचेवाला. साचा म्हणजे माग. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला, आज मिटेल, उद्या मिटेल म्हणता म्हणता गिरणीला कुलूपच लागलं, आणि लहू गुणवंतीबाईच्या डंकावर मोटर सांभाळायला लागला. पट्टा ताणायचा, तेल घालायचं, कुटलेला मसाला चाळायचा. गुणवंतीबाई स्वभावानं वाईट नव्हती. नवरा गेल्यावर एकटीनं हा धंदा उभा केलेला, आवाज खणखणीत, आणि देवाधर्माचं तिला भारी वेड.

लहू पहिल्याच दिवशी शिडी लावून शाफ्टला तेल घालायला चढला आणि तिथंच थांबला. शाफ्टच्या चाकावर तेलकट काळ्या थराखाली लाल थर होता, त्याच्याखाली आणखी लाल. दरवर्षी दसऱ्याला साच्यांची पूजा करताना त्यानं स्वतः या चाकाला कुंकू लावलं होतं. हे चाक त्याच्या साळखात्यातलं, म्हणजे गिरणीत साचे चालायचे त्या खात्यातलं होतं! बंद गेटातून गिरणीचं सामान बाहेर कसं आलं, ते मला विचारू नका. ज्यानं भंगारात विकलं, त्यानं चाकं विकली, शाफ्ट विकला. त्यांच्याभोवतीच्या संरक्षक जाळ्या मात्र कुणी घेतल्या नव्हत्या. जाळीनं मसाला कुटत नाही ना!

याच चाकाखालच्या साच्यावर धोंडू उभा राहायचा.

धोंडूबद्दल सांगायला हवं. लहू अगदी पोरसवदा असताना त्याच्या हाताखाली लागला. साळखात्यात इतका गोंगाट, की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून तिथं माणसं ओठांवरून बोलणं वाचायची. आवाज काढायचाच नाही, नुसतं तोंड हलवायचं. पार त्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाशी चहापासून लग्नापर्यंतच्या गोष्टी व्हायच्या. लहू नवा होता, सगळीकडं टकामका बघायचा, आणि कुणाचं काय चाललंय ते वाचण्यात रमायचा. मग धोंडू त्याच्या डोक्यात टप्पू मारायचा आणि ओठांनीच झापायचा, "माझ्याकडं काय बघतोस रे? हाताकडं बघ!"

आणि तोच धोंडू साच्यावर जीवानिशी गेला. धागा जोडायला सोपं जावं म्हणून, आडवा धागा घेऊन साच्यात इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यापुढची जाळी काढून ठेवायची सवय सगळ्या खात्याला होती. धोटा उसळला आणि सरळ धोंडूच्या कपाळावर बसला. संपाच्या आधीची गोष्ट. लहूनं ते बाजूच्या साच्यावरून पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्याला हाताकडं बघायला लावणाऱ्या त्या माणसानं त्या क्षणी मान वर केली होती. कुणाकडं बघितलं त्यानं? समोर तर कुणीच नव्हतं. ते कोडं लहूला कधी सुटलं नाही.

तर आता डंकाकडं या. लहू कामाला लागला, त्याच उन्हाळ्यात कमल नावाच्या बाईची बोटं मुसळाखाली गेली. हात आत-बाहेर करण्यात कमल इतकी तयार होती, की गप्पा मारत मिरची लोटायची. इस्पितळातून आल्यावर ती एवढंच म्हणाली, "दारात माणूस होता. मी वर बघितलं."

कुणी मनावर घेतलं नाही. पुढच्या चैत्रात राधाबाईचा हात गेला. भर दुपारी, गिऱ्हाईक उभं असताना. राधाबाई बेशुद्ध होण्याआधी ओरडली ती हात गेला म्हणून नव्हे. "तो बघा! पांढरा! भुवयांवर कापूस! काय बोलतोय तो, काय बोलतोय?"

सगळ्यांनी दाराकडं बघितलं. दारात ऊन होतं, बाकी काही नाही. नंतर लहूनं ते उखळ साफ करायला घेतलं तर लालभडक मसाल्यात, रक्ताच्या वर, पांढरा कापूस तरंगत होता. साच्यावर उभं राहिलं की भुवयांवर, मिशांवर, कानात बसतो तो बारीक तंतूंचा कापूस. मिरची गल्लीत कापूस कुठून येणार हो? लहूनं तो कापूस चिमटीत धरला आणि मनात म्हणाला, धोंडूदादा, तू?

गल्लीत बोभाटा झाला. गिरणीचं भूत डंकात आलंय, बोटं मागतंय. लहू गुणवंतीबाईकडं गेला. "बाई, मुसळांपुढं जाळी बसवू या. पट्ट्यालाही बसवू. मी स्वतः लोखंडाच्या सळ्या वाकवून देतो. आणि बायांना दांडा द्या."

गुणवंतीबाईनं कपाळावर हात मारला. "लहू, तुला कळतं का काही? ही बाहेरची बाधा आहे. तिला जाळी काय करणार?"

आणि तिनं ज्याला उपाय म्हणतात तो केला. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मालवणी बाबाला बोलावलं. नारळ, सुपारी, अगरबत्ती, सगळा थाट. बाबानं हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! ह्या उंबऱ्यात जो कोण उभो रवता, तेका थंयच अडव रे म्हाराजा!" आणि सगळी गल्ली एका आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा!" लहूही म्हणाला, काय करणार. उंबऱ्याखाली खड्डा खणून नारळ पुरला, वर सिमेंट ओतलं. गुणवंतीबाईचा जीव भांड्यात पडला. बाधा दारातून आत येणार नाही, मग आता जाळी कशाला आणि दांडा कशाला! डंक पुन्हा धडधडायला लागला. पण लहूच्या डोक्यातून ते चाक काही जाईना. येणाऱ्याची वाट अडवली, हे ठीक. पण जो या चाकाबरोबरच आत आला असेल, त्याचं काय?

वैशाख म्हणजे मसाल्याचा मोसम. पाऊस लागायच्या आत सगळ्या लालबाग-परळला मसाला हवा. राधाबाईची जागा रिकामी, आणि भीतीनं नवी बाई मिळेना. गुणवंतीबाईनं लहूच्या नलूला बोलावलं.

नलू म्हणजे लहूची एकुलती एक पोर. चिंचपोकळीच्या मुलाशी लग्न ठरलेलं, जेठातला मुहूर्त. लहू कडाडला, "नाय! माझी पोर त्या मुसळाखाली हात घालणार नाय." पण घरात संपापासून चूल कशी पेटत होती ते लहूची बायको तुळसा जाणत होती, आणि नलूही जाणत होती. नलू हसून म्हणाली, "बाबा, लग्न माझं आहे ना? मग चार पातळं माझ्या कमाईची नकोत? मी तुमचा दांडा वापरीन, शप्पत."

लहूनं तिच्यासाठी शिसवाचा दांडा तासला. चांगला गुळगुळीत, तिच्या मुठीत बसेल असा. सुरुवातीला तिनं तो इमानानं वापरला. मग बाया कुरकुरायला लागल्या, "ही कोण महाराणी? हाताक मिरची लागता काय हिच्या?" नलू लाजली. दांडा भिंतीला टेकला आणि हात उखळात गेला. लहू चाळणीवरून ओरडला, "नलू, दांडा!" ती मान वर करून "हो बाबा" म्हणाली, आणि गिऱ्हाईक बदलेपर्यंत विसरून गेली. पोरांना कितीदा सांगायचं? लहूला त्या दिवसांत झोप लागायची नाही. धाड धाड आवाज कानात, आणि डोळ्यापुढं नलूचा मेंदी लावायचा हात.

त्या दुपारी गल्लीत माणूस मावत नव्हता. हवेत मिरचीची धूळ इतकी, की उभी असलेली प्रत्येक बाई खोकत, शिंकत होती. लहू पट्ट्याजवळ होता. अचानक त्याच्या लक्षात आलं की त्याच्या अगदी समोर, मुसळांच्या मागं, भिंतीला लागून एक माणूस उभा आहे आणि तो शिंकत नाही.

अंगात गंजीफ्रॉक, खाली खाकी अर्धी चड्डी. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, कानातून कापूस आलेला. मिरचीच्या त्या लाल धुळीचा एक कण त्याच्या अंगावर नव्हता. उंबऱ्याशी नव्हता तो. आत होता, आपल्या चाकाखाली, पूर्वी उभा राहायचा तसाच.

नलू त्याच्याकडं बघत होती. मान वर, डोळे मोठे, तोंड उघडं. आणि तिचा हात सवयीनं आपला आत-बाहेर, आत-बाहेर चालला होता. पण आता ताल सुटत होता. लहूला दिसलं, हात उशिरा बाहेर येतोय. पुढच्या खेपेला आणखी उशिरा.

धोंडूचे ओठ हलत होते. घाईघाईनं, पुन्हा पुन्हा तेच. कमलला ते कळलं नाही, राधाबाईला कळलं नाही, नलूलाही कळणार नव्हतं. डंकावर ते वाचू शकणारा एकच माणूस होता. लहूनं वाचलं.

"माझ्याकडं काय बघतेस? हाताकडं बघ! हाताकडं बघ गो पोरी!"

अरे देवा! हा बोटं मागायला येतच नव्हता. ताल चुकणार हे त्याला आधी कळायचं आणि तो सांगायला धावून यायचा. आणि तो दिसला की बाई मान वर करायची, नि तिथंच तिचा घात व्हायचा. त्याच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं ते भुताचं नव्हतंच. नुसती एका म्हाताऱ्या कामगाराची कासाविशी होती. लहूला एकाच वेळी त्याची भयंकर भीती वाटली आणि भयंकर कीव आली.

लहूच्या घशात हाक आली, नलू! आणि ती त्यानं दातांनी अडवली. ओरडलं असतं तर पोरीनं बापाकडं बघितलं असतं. दांडा दिला त्या दिवसापासून तो हेच तर करत होता. ओरडत होता, आणि ती प्रत्येक वेळी मान वर करून "हो बाबा" म्हणत होती.

मोटरची कळ गर्दीच्या पलीकडं होती. लहूनं भिंतीला टेकवलेला तो शिसवाचा दांडा उचलला, फिरत्या पट्ट्याच्या आतून घातला आणि सगळ्या अंगाचं वजन टाकून पट्टा चाकावरून खाली ओढला. पट्टा सुटला. सुटता सुटता त्यानं लहूच्या कानशिलात अशी सणसणीत वाजवली, की त्याचा तो कान कायमचा गेला. शाफ्ट करकरला आणि थांबला.

डंकाची धडधड बंद पडली. नलूचा हात उखळात होता, आणि मुसळ वर अधांतरी.

लहूनं आवाज चढवला नाही. "बाय माझी, खाली बघ. हात काढ."

नलूनं खाली बघितलं आणि हात काढला. तो बाहेर आला मात्र, शाफ्ट बंद, पट्टा जमिनीवर, तरी ते मुसळ धाडकन उखळात पडलं.

इतका वेळ ते कुणी धरलं होतं? भिंतीपाशी कुणी नव्हतं. नलूच्या उजव्या मनगटाला पांढऱ्या कापसाचं कडं चिकटलं होतं, कुणी मूठ आवळून धरावी तसं. लहूनं तिला पोटाशी घेतलं, आणि कानातून रक्त येत असताना तो मोठमोठ्यानं रडला. कुणाची लाज वाटली नाही त्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो छिन्नी-हातोडा घेऊन आला आणि उंबरा फोडायला बसला. गुणवंतीबाई धावत आली. "अरे, काय करतोस? तो मोकळा सुटेल!"

"सुटू दे. राखण करतोय तो आपली, बाई. आपणच त्याला चोर ठरवलं."

मग त्यानं सगळ्या बायांना बसवून सांगितलं. मुसळांपुढं आजपासून जाळी. मिरची दांड्यानंच लोटायची. ज्या गिऱ्हाइकाला हाताची चव हवी, तिनं स्वतःचा हात घालावा. "आणि तो पांढरा माणूस पुन्हा दिसला, तर त्याच्याकडं बघू नका. तो दिसला की आपल्या हाताकडं बघा. त्याचं तेवढंच म्हणणं आहे." गुणवंतीबाई आदल्या दिवशी हजर होती, ते मुसळ तिनंही पडताना पाहिलं होतं. जाळीला तिनं स्वतः हळदकुंकू वाहिलं. गिऱ्हाइकांनी थोडे दिवस कटकट केली, मग त्यांची जीभ सरावली. त्या डंकावर त्यानंतर कुणाचं बोट गेलं नाही. एखादी बाई अधूनमधून मिरची लोटता लोटता एकदम खाली मान घालायची, दांडा घट्ट धरायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, "काय नाय गो. येऊन गेला."

नलूचं लग्न झालं, दोन्ही हातांना कोपरापर्यंत मेंदी लागली. लहू पुढं बरीच वर्षं डंकावर होता. कधी तो म्हणायचा, "नलू, धोंडूदादानं साच्यावर मान वर केली ना, त्यालाही सांगायला कुणीतरी आलेलं असणार." शेवटी खोकल्यानं गेला. छातीत आधी गिरणीचा कापूस आणि मग डंकाची मिरची, किती टिकणार माणूस? जाताना नलू जवळ नव्हती. तिच्या धाकट्याला ताप होता, निरोप पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. बापाचं तोंड बघायला मिळालं नाही, ही एकच गोष्ट तिला आत कुरतडत राहिली. कुणी विषय काढला की ती उठून जायची.

वर्षश्राद्ध झालं त्यानंतरची गोष्ट. चिंचपोकळीच्या खोलीत नलू स्वयंपाकाला लागली होती. घाई होती, स्टो मिणमिणायला लागला, रॉकेल संपत आलेलं. स्टो विझवून, निवू देऊन मग रॉकेल घालायचं, हे कोणाला ठाऊक नसतं? पण भाजी अर्धी शिजलेली. तिनं पेटत्या स्टोलाच नरसाळं लावलं आणि डबा तिरका केला.

तेवढ्यात तिला ठसका लागला. खोलीत मिरचीचा खाट आला होता, डंकावर असायचा तसा, नाकातोंडात जाणारा. स्टोवर तर दुधी भोपळा होता. आणि दाराच्या चौकटीत कुणीतरी उभं होतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला लाल धुळीनं माखलेले पाय दिसले, तेलकट लेंग्याची कड दिसली. तो लेंगा तिनं कितीदा धुतला होता.

बाबा!

तिची मान उचलली गेलीच होती. एवढं एकदा तोंड बघायला मिळालं तर! त्यासाठी ती वर्षभर रडली होती. पण तिनं मान आवळली आणि हाताकडं बघितलं.

नरसाळं भरून वाहत होतं. रॉकेल स्टोच्या अंगावरून ओघळत वातींकडं चाललं होतं, आणि तिच्या पदराचं टोक त्यात भिजलेलं. तिनं डबा मागं घेतला, बाजूला ठेवला, झाकण लावलं. वाती खाली केल्या, स्टो विझवला. पदर खांद्यावरून काढून लांब केला. मग ओलं फडकं घेऊन सगळं पुसून काढलं. हे सगळं होईपर्यंत तिनं वर बघितलं नाही.

काम झालं. आता बघायला हरकत नव्हती. पण दारात आता काय असणार ते तिला ठाऊक होतं. आपण वाचलो की ती माणसं थांबत नाहीत. जोवर मान खाली आहे, तोवर मात्र बाबा दारात आहेत.

नलूनं खाली मान घालूनच स्टो निवायची वाट बघितली. मग रॉकेल घातलं, हात धुऊन पुसले, काडी ओढली, चहाचं आधण ठेवलं आणि फळीवरून दोन कप काढले.

"बसा बाबा," ती हाताकडं बघत म्हणाली. "चहा टाकलाय."